स्पॅनिशमधील दोन अडचणी
इंग्रजी मातृभाषा असलेले विद्यार्थी स्पॅनिश शिकू लागले की दोन प्रश्न हटकून विचारतात. ‘मे गुस्ता एल लिब्रो’ यात आवडणारा माणूस कर्ता का नाही, आणि पुस्तके अनेक होताच ‘गुस्तान’ का? ‘बेओ ला कासा’ म्हणजे घर पाहतो; मग ‘बेओ आ मारिया’ यात ‘आ’ कशाला? आम्हां मराठी बोलणाऱ्यांस दोन्ही गोष्टी घरच्याच. ‘मला पुस्तक आवडते’, ‘पुस्तके आवडतात’. ‘घर पाहतो’, पण ‘मारियाला पाहतो’. इंग्रजीत मात्र आवडणाराच कर्ता, आणि घर व माणूस यांस एकच रीत. म्हणून ते अडखळतात. तेव्हा चुकणाऱ्या मुलास मठ्ठ म्हणण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या मातृभाषेची चाल पाहावी, असे आम्हांस वाटते.