खोक्याच्या तळाशी

१९७७ साली न्यूयॉर्कमध्ये एका तबकडीचा शोध चालला होता. व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचं संगीत अंतराळात पाठवायचं ठरलं होतं आणि त्यासाठी संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी सुचवली होती. तबकडी बाजारातून केव्हाच नाहीशी झालेली. ती शोधायचं काम या प्रकल्पातल्या ॲन ड्रुयन यांच्याकडे आलं. लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचं विजेच्या उपकरणांचं दुकान होतं. त्या दुकानाच्या मागच्या भागात, घडीच्या टेबलाखाली सरकवून ठेवलेल्या खोक्यात ती अखेर सापडली.

केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या. आवाज मुद्रित करून घेण्याची त्यांना मुळीच हौस नव्हती, त्यामुळे त्यांच्या मोजक्याच तबकड्या निघाल्या. त्यातली ही साडेतीन मिनिटं सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर चढली. दोन यानांपैकी दुसरं ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आज ती भैरवी सूर्यमालेच्या कडेपलीकडे आहे. मला मात्र दर वेळी ते टेबलाखालचं खोकं आठवतं. ते कुणी आधीच भंगारात घातलं असतं तर? जुन्या तबकड्या जमवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न असतो, आणि माझ्या मते या छंदाचं सगळं बळ त्या प्रश्नात आहे.

दुर्मिळ तबकडी म्हणजे खूप जुनी तबकडी, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. बालगंधर्वांच्या, मास्टर दीनानाथांच्या गाजलेल्या तबकड्या घरोघरी होत्या, म्हणून त्या आजही हाती लागतात. दुर्मिळ होते ती न खपलेली तबकडी. जिच्या थोड्याच प्रती निघाल्या, जिच्यावरचं नाव दहा वर्षांत कुणाला आठवेनासं झालं, ती आधी माळ्यावर जाते आणि मग रद्दीत. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी, मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर मी वर्षानुवर्षं बसकण मारून ढीग उपसले आहेत. वरच्या थरात ओळखीची सिनेमाची गाणी असतात. माझा हात तळाशी जातो.

सुरुवातीच्या तबकड्यांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ सांगितला गेला आहे, तो थोडक्यात आटोपतो. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात आले आणि त्यांनी गोहरजानचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची. ओळख पटवण्याची ती साधी सोय होती, पण शंभर वर्षांनंतर लेबल झिजून गेलेल्या कितीतरी तबकड्यांवर तोच एकमेव पुरावा उरला आहे.

ही मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी बनायची लाखेपासून. पळसावर, बोरीवर, कुसुमावर लाखेचे किडे पोसले जातात. आपल्याकडे गोंदिया भागातही लाख निघते. त्या लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळली की तबकडीचा माल तयार होई. भुकटीमुळे तबकडी कठीण होते पण पिन झिजते, म्हणून दर बाजूला नवी पिन लावायची. पिनांच्या त्या छोट्या पत्र्याच्या डब्या अजून बाजारात दिसतात. लाखेची तबकडी हातातून पडली की फुटलीच. पुढे आलेली व्हिनाइलची तबकडी फुटत नाही, पण उन्हात ठेवली तर ताटासारखी वाकते. नव्याने जमवू लागलेल्यांना मी दोन गोष्टी आवर्जून सांगतो. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधी लावू नका, लाख त्यात विरघळते. आणि ७८च्या तबकडीवर व्हिनाइलच्या एलपीची सुई ठेवू नका, कारण ७८ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते. सुई खाचेच्या तळाला खरडत जाते आणि आवाजापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते.

या लाखेच्या काळातलं माझं सर्वात आवडतं लेबल ‘यंग इंडिया’ आहे. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी ही मुंबईची देशी कंपनी, १९३५ ते १९५५ अशी वीसेक वर्षं चालली. मोठे कलावंत बड्या कंपन्यांशी बांधलेले, म्हणून हिने दार उघडलं ते हौशी आणि नवख्या गायकांना. हिच्या तबकड्यांवरची कित्येक नावं पुन्हा कुठेच भेटत नाहीत. एकदाच मुंबईला येऊन, ध्वनिक्षेपकापुढे उभं राहून, दोन बाजूंना दोन गाणी म्हणून ही माणसं आपापल्या गावी परत गेली असतील. गायनकलेच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली नाही. पण त्या काळी साधा, बऱ्यापैकी गाणारा माणूस कसा गात होता, उच्चार कसे करत होता, तान कुठे थोडी अडखळत होती, हे उस्तादांच्या तबकड्या सांगत नाहीत, या सांगतात. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या सुरेश चांदवणकरांनी या तबकड्या विखुरलेल्या संग्रहांतून गोळा करवून, लेबलांसकट त्यांचं डिजिटल रूप तयार करवून घेतलं आणि ते ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून जगासाठी खुलं झालं. हे काम मला एखाद्या गाथेच्या शोधाइतकं मोलाचं वाटतं.

लाखेच्या तबकडीचं आयुष्य आपल्याकडे बाकीच्या जगापेक्षा लांबलं. इंग्लंडमध्ये १९६०च्या आसपास ७८चा जमाना संपला, पण इथे खेडोपाडी वीज नव्हती आणि चावीचा फोनो चालू होता. म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात साठच्या दशकातही ७८ निघत राहिल्या, आणि त्यात चक्क बीटल्सही होते! लिव्हरपूलच्या त्या चार पोरांचं गाणं लाखेच्या काळ्या तबकडीवर, पार्लोफोनच्या लेबलाखाली, कर्ण्यातून ऐकायची सोय जगात जवळपास फक्त भारतात होती. आज परदेशी संग्राहक या तबकड्यांसाठी वाटेल ती किंमत मोजतात. डमडमच्या कामगारांना त्या चार दिवसांच्या मालापलीकडे काही वाटल्या नसतील.

व्हिनाइलच्या काळातली सर्वात चमत्कारिक गोष्ट मुंबईतच घडली. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. गिटार वाजवत, बेस वाजवत, परदेशी कीबोर्ड हाताळत. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं जोडली. एक तालाचं, एक खर्जाच्या बेसचं आणि एक सुरांचं. त्यावर त्यांनी भैरव, ललत, भूप, तोडी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने एलपी काढली, ती खपली नाही. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीत तिची प्रत मिळाली. तो ऐकत राहिला आणि चक्रावला, कारण तिच्या ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षांनी शिकागोत ‘ॲसिड हाउस’ या नावाने जे संगीत जन्मलं, त्याचाच तो आवाज होता. २०१०मध्ये त्याने ती पुन्हा छापली, आणि सत्तरीतले चरणजित सिंग युरोपातल्या तरुणांपुढे वाजवू लागले. २०१५ मध्ये मुंबईत ते वारले. शिकागोच्या मुलांनी ही एलपी ऐकली नव्हती. एकच यंत्र दोन गावांत दोन वेगळ्या माणसांच्या हाती पडलं आणि दोघांनी त्यातून एकच आवाज बाहेर काढला. मी ती तबकडी ऐकतो तेव्हा मला चरणजित सिंगांची शिस्त जास्त भावते. ठेका यंत्राचा असला तरी भैरवचा कोमल ऋषभ तिथेच आहे, जिथे तो असायला हवा.

गोव्याची एक गोष्ट त्याच वाटेवरची आहे. क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांच्या सत्तरच्या दशकातल्या कोंकणी तबकड्या आज गोंयकार घरांत जपल्या जातात. मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांचं कसब त्या सात इंची तबकडीत उतरलेलं आहे. पुढे लॉर्ना वीसेक वर्षं गाण्यापासून दूर राहिल्या, १९९५च्या सुमारास परतल्या. मधल्या त्या काळात त्यांचा आवाज केवळ तबकड्यांनी जिवंत ठेवला होता.

विक्षिप्त वस्तूंच्या यादीत भूतानला वगळता येत नाही. १९७२ साली भूतानच्या टपाल खात्याने वाजणारी तिकिटं काढली. छोट्या तबकड्यांचीच तिकिटं, मागे डिंक, पुढे खाचा. लोकगीतं, राष्ट्रगीत आणि देशाचा इतिहास त्यांवर मुद्रित केला होता. टर्नटेबलावर ठेवली की ती खरोखर वाजतात.

अलीकडे मला एका गोष्टीने फार अस्वस्थ केलं आहे. जुन्या तबकड्या तापवून त्यांचे वाडगे करतात, मध्ये काटे बसवून भिंतीवरची घड्याळं विकतात, त्यांवर रंगीत चित्रं काढतात. तबकडीवर गाणं काय होतं हे पाहायचीही तसदी कुणी घेत नाही. खराब, तडकलेली तबकडी असेल तर माझी तक्रार नाही. पण एका प्रदर्शनात मी नारिंगी रंगात रंगवलेली एक ७८ पाहिली. तिच्यावरचं गाणं इतर कुठे शिल्लक होतं की नाही, ते आता कळणार नाही.

म्हणून जमवणाऱ्यांनी नोंद ठेवावी, असं मी सतत सांगत असतो. लेबलाचा रंग, त्यावरची सगळी अक्षरं, आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक. हा क्रमांक मूळ साच्याबरोबर जन्मतो आणि लेबल गेलं तरी राहतो. कधी कधी दोन तबकड्यांच्या क्रमांकांतल्या अंतरावरूनच ध्वनिमुद्रण एकाच दिवसाचं होतं का याचा अदमास बांधता येतो.

माझ्याकडची एक तबकडी अशीच आहे. लेबल कसरीने पुरतं खाल्लेलं, फक्त क्रमांकाचे चार आकडे वाचता येतात. एका बाजूला एक बाई मराठीत अंगाईच्या चालीचं काही गाते, साथीला पेटी आणि तबला. तबला फार जवळून मुद्रित झाला आहे, आवाज थोडा दूर. ऐंशी ओलांडलेल्या दोन जाणकारांना मी ती वेगवेगळ्या दिवशी ऐकवली. दोघांनीही डोळे मिटून ऐकली, आणि दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली. दोन्ही नावं मी पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.