बंदुकीचा धक्का जातो कुठे?

न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना बंदुकीचे उदाहरण आपण हमखास देतो. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते, खांद्याला धक्का बसतो. पाठ तेथेच संपतो. पण या धक्क्याकडून काही काम करून घेता येईल का? पक्ष्यांच्या शिकारीची अर्धस्वयंचलित शॉटगन हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे. आपल्याकडे वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र परवाना घेऊन ठरावीक हंगामात रानबदकांची शिकार करता येते आणि तेथील शिकाऱ्याला बंदूक निवडताना नकळत हाच धडा गिरवावा लागतो.

प्रथम आकडे पाहू. शॉटगनच्या काडतुसात एका गोळीऐवजी पुष्कळ छरे असतात. समजा, त्यांचे एकूण वस्तुमान ३२ ग्रॅम आणि वेग सेकंदाला ४०० मीटर आहे. म्हणजे संवेग ०.०३२ × ४०० = १२.८ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. तेवढाच संवेग ३.२ किलोग्रॅमच्या बंदुकीला उलट दिशेने मिळाला, तर ती सेकंदाला ४ मीटर वेगाने मागे येईल. (दारूच्या वायूंचाही वाटा असल्याने प्रत्यक्षात हा वेग थोडा अधिक असतो.) आता गतिज ऊर्जा काढा. छऱ्यांची २५६० ज्यूल, बंदुकीची केवळ २५.६ ज्यूल! संवेग सारखा, पण ऊर्जा शंभरावा हिस्सा. खांदा शाबूत राहतो तो यामुळेच. हेच गणित २.५६ किलोग्रॅमच्या बंदुकीसाठी विद्यार्थ्यांना करायला द्यावे. वेग ५ मीटर आणि ऊर्जा ३२ ज्यूल येते. वाहायला हलकी बंदूक खांद्याला जड पडते, ती अशी.

रिकामे काडतूस बाहेर फेकून नवे आत ढकलायला लागणारे बळ तीन प्रकारे मिळवतात. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकाने १९०० साली पेटंट घेतलेल्या बंदुकीत नळी आणि तिचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट धक्क्याने एकत्रच मागे सरकतात. मग स्प्रिंगमुळे आधी नळी, नंतर बोल्ट पुढे येतो. दुसऱ्या प्रकारात नळीच्या बारीक छिद्रांतून थोडा वायू घेऊन त्याने दट्ट्या ढकलतात. तिसरा प्रकार जडत्वाचा. एसटी एकदम सुटली की उभा प्रवासी मागे रेलतो, कारण तो जागीच राहू पाहतो. तसाच बंदूक मागे येताना बोल्टचा भाग जागी राहू पाहतो, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि ती उलगडताना बोल्टला मागे फेकते.

मग निवड कशी करायची? वायूच्या बंदुकीत धक्का अधिक काळ पसरतो. चेंडू झेलताना हात मागे नेल्यासारखेच ते आहे. एकूण संवेग नाहीसा होत नाही, पण खांद्याला तो सौम्य भासतो. मात्र दट्ट्यावर आणि छिद्रांत काजळी साचते. ती वेळोवेळी खरवडली नाही, तर बंदूक अडते. जडत्वाच्या बंदुकीत सुटे भाग कमी आणि काजळीही कमी, म्हणून चिखलपाण्यात ती सोयीची. पण धक्का जास्त जाणवतो, आणि हलक्या काडतुसाने स्प्रिंग पुरेशी दाबली न गेल्यास पुढचे काडतूस चढत नाही. ब्राउनिंगच्या बंदुकीत घर्षणाच्या कड्या ब्रेकचे काम करतात. हलक्या काडतुसासाठी लावलेल्या कड्यांवर भारी काडतूस उडवले, तर पुढचा लाकडी भाग तडकू शकतो.

तेलाबाबत नवशिके हमखास चुकतात. अधिक तेल म्हणजे अधिक निगा, असे त्यांना वाटते. बदकांचा हंगाम कडाक्याच्या थंडीचा असतो. थंडीत तेल घट्ट होते, त्यात काजळी मिसळून चिकट लगदा होतो आणि बोल्ट मंदावतो. पातळ तेलाचा पुसट थर पुरतो. ओल्या पाणथळीतून परतल्यावर मात्र गंज टाळण्यासाठी बंदूक त्याच दिवशी सुटी करून वाळवलीच पाहिजे.

पण साफसफाईपूर्वीची एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. साधी एकनळी बंदूक बार उडाला की रिकामी होते. ही बंदूक मात्र बार उडताच स्वतःला पुन्हा भरून घेते! धक्का जाणवला म्हणजे आत काडतूस संपले, ही समजूत येथे जीवघेणी ठरते. म्हणून नळी सुरक्षित दिशेला ठेवून आधी साठ्याची नळी रिकामी करायची, बोल्ट मागे ओढायचा आणि काडतुसाची जागा डोळ्यांनी व बोटाने तपासायची.

यंत्राच्या या तत्परतेला कायद्यानेही आवर घातला. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे मावू नयेत, असा सर्वसाधारण नियम अमेरिकेत १९३५ पासून आहे. त्यासाठी साठ्याच्या नळीत एक खुंटी बसवतात. न्यूटनच्या नियमावर चालणाऱ्या या कुशल यंत्राला आवरते ती ही साधी खुंटी.