अख्खा विषाणू कशाला?

भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला रुग्ण मे २००९मध्ये हैदराबादेत सापडला. पुढच्याच वर्षी तिथल्या भारत बायोटेकने कोंबडीच्या अंड्यांऐवजी पेशींत विषाणू वाढवून लस काढली. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना मात्र अनेकदा विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रथिनांचे काटेच पुरतात. स्वाइन फ्लूच्या विषाणूच्या एच१एन१ या नावातला ‘एच’ म्हणजे हिमॅग्लुटिनिन, पेशीला चिकटणारं प्रथिन. ‘एन’ म्हणजे न्युरामिनिडेज, नव्या विषाणूंना पेशीपासून सोडवणारं. त्यांचं जनुक कीटकांच्या किंवा माणसाच्या पेशींत घालायचं, की नुसतं प्रथिन मिळतं. त्यावर अँटिबॉडी तपासता येतात, संसर्गाची धास्ती नाही. मेख एकच: हिमॅग्लुटिनिनचे तीन रेणू एकत्र जुळलेले हवेत, नाहीतर चाचणी फसवू शकते. हैदराबादला हे तंत्र नवं नाही; शांता बायोटेक्निक्सने १९९७मध्येच यीस्टमध्ये हेपॅटायटिस-बीचं पृष्ठप्रथिन बनवून लस बाजारात आणली होती.