ऑसिलोस्कोप घेताना

‘चळवळीतल्या माणसाला ऑसिलोस्कोपशी काय कर्तव्य?’ असा प्रश्न ह्या विषयाचे नाव जाहीर झाल्यापासून आम्हांस तिघाचौघांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. पदवी आमच्यापाशी नाही. कॉलेजची पायरी आम्ही चढलो ती सभेच्या निमित्तानेच. परंतु कामगारांच्या अभ्यासवर्गासाठी, त्यांच्याच वर्गणीतून, हे यंत्र विकत घेण्याचे काम आमच्या गळ्यात पडले, आणि दुसऱ्याच्या घामाचा पैसा खर्च करावयाचा म्हटले की मनुष्य आपोआप अभ्यासू होतो. त्या खटपटीत जे उमगले ते येथे सांगतो. घरच्या टेबलावर रेडिओ, इन्व्हर्टर किंवा एलईडीचे दिवे दुरुस्त करणाऱ्यांस आणि छोटी प्रयोगशाळा चालविणाऱ्यांस त्याचा उपयोग व्हावा.

आमच्या कारखान्यांतून ह्या यंत्राला ऑसिलोस्कोप असे फारसे कोणी म्हणत नाही. आयटीआयपासून सगळे ‘सीआरओ’ म्हणतात. आणि ज्यात ती काचेची नळी आता उरलेली नाही त्या यंत्रालाही जुनी माणसे सीआरओच म्हणतात. ती नळी कार्ल फर्डिनांड ब्राउन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 साली स्ट्रासबुर्ग येथे तयार केली. पुढे 1909 साली मार्कोनीबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते बिनतारी संदेशाच्या कामासाठी, नळीसाठी नव्हे.

यंत्राचे काम थोडक्यात असे. मल्टिमीटर आपल्याला एक आकडा सांगतो, ‘येथे 5 व्होल्ट आहेत.’ पण ते पाच व्होल्ट मधेच सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते शून्यावर जाऊन परत आले, तर मल्टिमीटरला त्याचा पत्ता नसतो. हजेरीपुस्तकात महिन्याचे सव्वीस दिवस भरलेले दिसतात. माणूस कोणत्या घटकेला मशीनवर होता आणि कोणत्या घटकेला नव्हता हे त्यावरून कळत नाही, तसेच हे. ऑसिलोस्कोप विजेच्या दाबाचे चित्र काढतो. आडवा काळ, उभा दाब. आता हा दाब सेकंदाला हजारो वेळा वरखाली होत असता चित्र स्थिर कसे राहते? झोपाळ्यावरच्या मुलाकडे डोळे मिटून उभे राहावे आणि झोपाळा पुढे येताना ठरावीक उंचीवर आला की तेवढ्यापुरते डोळे उघडावेत. मूल दर वेळी त्याच जागी दिसेल. ह्याला ट्रिगर म्हणतात. ही सोय व्यवहारात रूढ केली ती अमेरिकेतील टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या 511 ह्या 1947 सालच्या यंत्राने. ट्रिगर लावता न आल्यामुळे ‘यंत्र बिघडले’ म्हणून कपाटात पडलेले सीआरओ आम्ही पाहिले आहेत.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘किती मेगाहर्ट्झचा हवा?’ हीच ती बँडविड्थ. येथे पुष्कळांची फसगत होते. 100 मेगाहर्ट्झचे यंत्र 100 मेगाहर्ट्झची लाट बरोबर दाखवील अशी समजूत असते. वस्तुतः ज्या वारंवारतेला यंत्र लाटेची उंची सुमारे तीस टक्क्यांनी कमी दाखवू लागते, तिलाच त्याची बँडविड्थ म्हणण्याची रीत आहे. म्हणून कामाच्या पाचपट बँडविड्थ घ्यावी असे जाणते लोक सांगतात. त्याहून उपयोगी हिशेब चढणीचा आहे. लाट खालून वर चढण्यास किती वेळ घेते तो वेळ मायक्रोसेकंदांत घ्यावा आणि 0.35 ला त्याने भागावे. उत्तर मेगाहर्ट्झमध्ये येते.

उदाहरण आमच्या रोजच्या कामातले घेऊ. मोटरचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह आज लहान कारखान्यांतही आहेत. त्यांतील आयजीबीटी नावाचे स्विच सेकंदाला काही हजार वेळा उघडझाप करतात, आणि एक उघडझाप साधारणतः शंभर नॅनोसेकंदांत, म्हणजे 0.1 मायक्रोसेकंदात होते. 0.35 भागिले 0.1 म्हणजे 3.5, त्याची पाचपट 17.5 मेगाहर्ट्झ. म्हणजे ड्राइव्ह दुरुस्त करणाऱ्याला 50 मेगाहर्ट्झचे यंत्र पुरून उरते. घरी छंद म्हणून काम करणाऱ्याचे, संगीताच्या अँप्लिफायरचे, आर्डुइनोचे, मोबाइलच्या चार्जरचेही 50 ते 100 मध्ये निभते. उलट ज्या प्रयोगशाळेत सेकंदाला 480 मेगाबिट वेगाचे यूएसबी तपासायचे आहे, तेथे चढण अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आसपास येते, आणि 2 गिगाहर्ट्झच्या खाली बोलता येत नाही. त्या यंत्राची किंमत लाखांत जाते. ती ज्याला लागते त्याने ती द्यावी. ज्याला लागत नाही त्याने केवळ शेजारच्याकडे आहे म्हणून देऊ नये.

आजची यंत्रे डिजिटल. ती लाट सलग पाहत नाहीत, ठरावीक अंतराने तिचे नमुने घेतात. नमुने तुटपुंजे पडले की यंत्र नुसते कमी दाखवीत नाही, चक्क खोटे दाखविते. कारखान्यातल्या माणसाला हे निराळे शिकवायला नको. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश आपल्याकडे सेकंदाला शंभर वेळा मंदावतो. त्याखाली तीन जॉचा चक मिनिटाला 2000 फेरे घेऊ लागला की सेकंदाला बरोबर शंभर वेळा एकेक जॉ त्याच जागी येतो, आणि गरगर फिरणारा चक उभा असल्यासारखा दिसतो. ह्याच कारणाने शॉपमधल्या ट्यूबा तीन फेजांवर वाटून लावण्याची पद्धत पडली. कमी नमुन्यांचा ऑसिलोस्कोप हा असा भास पडद्यावर घडवितो. तिथे हात जात नाही एवढेच.

म्हणून नमुन्यांचा वेग पाहावा, पण जाहिरातीतला नव्हे. घरगुती प्रयोगशाळांत फार लोकप्रिय झालेले रिगोल कंपनीचे डीएस1054झेड हे यंत्र घ्या: चार चॅनेल, 50 मेगाहर्ट्झ, सेकंदाला 100 कोटी नमुने. हे शंभर कोटी एकच चॅनेल चालू असता. चारही चालू केले की प्रत्येकाच्या वाट्याला 25 कोटी. एकत्र कुटुंबाचे उत्पन्न मोठ्याने सांगतात. वाटणी झाल्यावर ताटात काय पडते ते बारीक अक्षरांत असते. ह्या यंत्रापुरते सांगायचे तर 25 कोटीही 50 मेगाहर्ट्झच्या पाचपट होतात, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

स्मरणशक्तीकडे मात्र गिऱ्हाईक पाहतच नाही, आणि आमच्या मते स्वस्त यंत्रात तीच आधी पाहावी. टेक्ट्रॉनिक्सची टीडीएस1000 आणि 2000 ह्या मालिकांतील यंत्रे पुष्कळ कॉलेजांतून दिसतात. चांगली, टिकाऊ यंत्रे. पण एका वेळी 2500 बिंदूच लक्षात ठेवतात. समजा, दोन यंत्रे एकमेकांशी 9600 च्या वेगाने बोलत आहेत आणि सेकंदातून एखादा निरोप चुकतो. एक बिट 104 मायक्रोसेकंदांचा. संपूर्ण सेकंद पकडायचा तर 2500 बिंदूंतील दोहोंमध्ये 400 मायक्रोसेकंदांचे अंतर पडते. म्हणजे तीनचार बिट मधल्यामध्ये गडप! 1 कोटी 20 लाख बिंदू ठेवणारे यंत्र त्याच सेकंदात प्रत्येक बिटाचे हजारावर नमुने घेते. चूक कधी होते ते ठाऊक नसेल तेव्हा ही स्मरणशक्तीच कामी येते.

उभ्या दिशेची बारकाई बिटांत मोजतात. आठ बिटांचे यंत्र पडद्याच्या उंचीचे 256 भाग करते, बारा बिटांचे 4096. बारा बिट पूर्वी श्रीमंतांची गोष्ट होती. 2023 साली रिगोलने डीएचओ800 ही मालिका आणली आणि ती कुशल कामगाराच्या दोनतीन महिन्यांच्या पगारात येऊ लागली. सूक्ष्म आवाजी संकेत पाहणाऱ्याला ह्याचा लाभ आहे. बाकीच्यांनी आठ बिटांवर निर्धास्त काम करावे, आणि अचूक व्होल्ट हवे असतील तेव्हा मल्टिमीटर लावावा. आठ बिटांच्या ऑसिलोस्कोपची उंची दोनतीन टक्के इकडेतिकडे असणे हे सामान्यच आहे.

आता मुख्य गोष्ट. ती यंत्राच्या पत्रकात शेवटच्या पानावर असते.

प्रोबच्या टोकाजवळ एक काळी चिमटी लोंबत असते. मल्टिमीटरची सवय असलेला मनुष्य तिला ‘मायनस’ समजतो. ती मायनस नव्हे. ती यंत्राच्या पत्र्याला, आणि तेथून वायरीतल्या तिसऱ्या पिनेवाटे थेट जमिनीला जोडलेली असते. ट्रान्सफॉर्मरने वेगळ्या न केलेल्या ड्राइव्हमध्ये किंवा चार्जरच्या प्राथमिक बाजूला ही चिमटी लावली की मेनचा जमिनीशी सरळ शॉर्ट होतो. मोठी ठिणगी उडते, प्रोब जळतो, कधी यंत्रही जाते. ह्यावर आमच्या वसाहतींतून सर्रास चालणारा तोडगा म्हणजे तिसरी पिन तोडून टाकणे. ठिणगी बंद होते खरी; पण आता यंत्राचा सगळा पत्रा, प्रोब जोडतो ते धातूचे कडेसुद्धा, मेनच्या दाबावर तरंगू लागते. 230 व्होल्टची लाट शिखराला 325 व्होल्ट असते. 415 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये एकदिश दाब 580 च्या पुढे जातो. तेवढ्या दाबावर चढलेल्या खोक्याची बटणे माणूस फिरवीत बसतो.

एका लहान कारखान्यात अशाच यंत्राला एका तरुण दुरुस्तीकाराचा हात लागला. जीव वाचला, दोन बोटे कायमची आखडली. मालकाने लेखी दिले, कामगाराचा निष्काळजीपणा. आम्ही जाऊन वायर पाहिली. पिन करवतीने नीट कापलेली होती, आणि ती त्या मुलाच्या नोकरीच्याही आधीपासून तशीच होती. यंत्र 200 मेगाहर्ट्झचे, नवेकोरे. त्यासाठी पैसे होते. ज्याची गरज होती त्या डिफरन्शिअल प्रोबची मागणी मात्र दोनदा परत पाठविलेली होती. भरपाईचे भांडण पुढे वर्षभर चालले.

डिफरन्शिअल प्रोब दोन बिंदूंमधला फरक मोजतो आणि जमिनीशी संबंध ठेवीत नाही. मेनवर काम करणाऱ्याने तो यंत्राबरोबरच घ्यावा. त्यावर किती व्होल्टपर्यंत आणि कोणत्या कॅटचा असे छापलेले असते, ते वाचून घ्यावे. तो परवडत नसेल तर निदान चिमट्या मोकळ्या ठेवून दोन चॅनेलवर दोन सारखे प्रोब लावावेत आणि यंत्राला वजाबाकी करण्यास सांगावे. ही रीत ओबडधोबड आहे, लहान फरक तीत हरवतात, शिवाय दोन चॅनेल त्यातच खर्ची पडतात. चार चॅनेलचे यंत्र घ्या असे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठी. अशा वेळी प्रोबचा खटका दहापटीवरच हवा. धक्क्याने तो एकपटीवर सरकला तर सगळा दाब यंत्राच्या तोंडात शिरतो. आणि प्रोब दहापट व पडदा एकपट असे राहून गेले, तर 325 व्होल्ट 32 म्हणून दिसतात आणि माणूस निश्चिंतपणे हात घालतो. जाग्यावर जाऊन काम करणाऱ्यांसाठी बॅटरीवर चालणारी, प्रत्येक चॅनेल स्वतंत्र असलेली हातातली यंत्रे मिळतात, जसे फ्ल्यूकचे 190 मालिकेतील स्कोपमीटर. ती महाग आहेत. कंपनीने ती घ्यावीत असा आग्रह धरण्यास हरकत नाही.

व्यावसायिक प्रयोगशाळेला आणखी एक खर्च आहे, तो कॅलिब्रेशनचा. ज्या मापावर माल पास किंवा नापास होतो ते माप एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून तपासलेल्या यंत्राचे असावे, नाहीतर उद्या तंटा झाला की त्या चित्राला कोणी विचारणार नाही. घरच्या टेबलावर ह्याची गरज नाही. तेथे एक नवा सेल आणि मल्टिमीटर एवढ्यावर ताळा पाहता येतो.

जुने नळीचे यंत्र घ्यावे काय? शिकण्यासाठी जरूर घ्यावे. ते नमुने घेत नाही, म्हणून तो मघाचा भासही होत नाही. परंतु एकदाच घडणारी गोष्ट ते धरून ठेवीत नाही, आणि नळी गेली की दुसरी मिळणे कठीण. जुन्या बाजारात ते चालू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत: रेघ बारीक व उजळ आहे का, बटण फिरविताना ती उडते का, हे पाहावे. झाकण मात्र घरी आल्यावरही उघडू नये, आत काही हजार व्होल्ट असतात.

आमच्या समितीत दोन तट पडले होते. तरुणांना 200 मेगाहर्ट्झ हवे होते, खजिनदारांना सगळ्यांत स्वस्त. अखेर चार चॅनेलचे, 70 मेगाहर्ट्झचे यंत्र घेतले आणि उरलेल्या पैशांत डिफरन्शिअल प्रोब. ‘नुसत्या वायरीला एवढे पैसे?’ असे खजिनदार म्हणाले. त्यांना त्या मुलाची बोटे आठवण करून द्यावी लागली.

यंत्र आले त्या संध्याकाळी प्रथम भिंतीतला सॉकेट तपासला. फेज आणि अर्थमध्ये 230, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोनेक व्होल्ट. म्हणजे अर्थिंग खरोखर आहे. पुष्कळ जुन्या घरांतून तिसरे भोक नुसते शोभेचे असते, आणि मग पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. नंतर वायरीच्या तिसऱ्या पिनेपासून प्रोबच्या कड्यापर्यंत मल्टिमीटर लावून जोड सलग असल्याची खात्री केली. मग प्रोब दहापटीवर ठेवून यंत्राच्याच 1 किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटेवर लावला. लाटेचे कोपरे गोलसर दिसत होते. वर्गातल्या एका मुलीने प्लॅस्टिकच्या पेचकसाने प्रोबवरचा बारीक स्क्रू फिरविला; कोपरे आधी टोकदार झाले, मग काटकोनात आले, आणि पाळीपाळीने चारही प्रोब तसे लावून होईतो रात्रीचे नऊ वाजले.