संगणकाचा वेग वाढवा, पण जपून!

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे गाव १९१७ साली बांधलेल्या मातीच्या धरणासाठी ओळखले जाते. धरणाचा दरवाजा किती उचलायचा हे केवळ तलावात पाणी किती आहे यावर ठरत नाही. पाटाचे काठ किती पक्के आहेत, हेही पाहावे लागते. काठ कच्चा असला तर जास्तीचे पाणी पिकाला न मिळता बांध फोडून जाते. संगणकाचा वेग वाढविण्याचेही असेच आहे.

संगणक जोडणी व दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या कारागिरांकडे हल्ली खेळाचे शौकीन तरुण येतात आणि "याचा वेग वाढवून द्या" म्हणतात. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. काम घेण्यापूर्वी त्यातील नफा-नुकसान समजून घेणे आवश्यक आहे.

वेग वाढतो कसा?

प्रोसेसर ठरावीक ठोक्यावर काम करतो. मूळ ठोका साधारण १०० मेगाहर्ट्झचा असतो व त्याला एका आकड्याने गुणले जाते. गुणक ४५ असेल तर वेग ४५०० मेगाहर्ट्झ होतो. गुणक वाढविला की वेग वाढतो. मात्र सर्वच प्रोसेसरांत ही सोय नसते. इंटेलच्या नावात शेवटी 'के' अक्षर असलेले प्रोसेसर व 'झेड' मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांत गुणक मोकळा असतो, पण 'ए' मालिकेच्या स्वस्त मदरबोर्डवर तो बदलता येत नाही.

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००-ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर आला. मूळ ठोका ६६ वरून १०० वर नेला की तो अनेकांकडे ४५० वर बिनतक्रार चाले. त्या काळापासून हा शौक फार पसरला. आजचे प्रोसेसर मात्र कारखान्यातूनच जवळजवळ शेवटच्या टोकापर्यंत ताणलेले येतात. म्हणून आता फायदा थोडा व धोका जास्त, असा हिशेब आहे.

धोका कोठे आहे?

वेग वाढविला की व्होल्टेजही थोडे वाढवावे लागते. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही दहा-दहा टक्के वाढविले तर उष्णता सुमारे ३३ टक्के वाढते. जादा व्होल्टेज प्रोसेसरला आतून झिजवते. २०२४ साली इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांत बिघाड होऊ लागले, तेव्हा प्रमाणाबाहेरचे व्होल्टेज हे त्याचे कारण असल्याचे कंपनीने सांगितले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून दिली. सुधारणा आली, पण आधीच झिजलेला प्रोसेसर तिने पूर्ववत होत नाही.

दुसरा प्रश्न आपल्या हवेचा. खोलीत २५ अंश असताना पूर्ण भाराखाली ७५ अंशांवर राहणारा प्रोसेसर खोली ४३ अंशांवर गेली की साधारण ९३ वर जातो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० आहे, तर रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५. म्हणजे डिसेंबरात बसविलेला वेग मे महिन्याच्या दुपारी टिकेलच असे नाही. राईस मिलच्या परिसरात धूळ व कोंडा पंख्यात बसतो, तो वेळोवेळी साफ करावा. पाण्याच्या कूलरसमोर संगणक ठेवू नये, ओलावा आत जातो.

प्रोसेसरचे काम

प्रथम ग्राहकाच्या कामाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. बायोस अद्ययावत करावा व मूळ आकडे वहीत लिहून ठेवावेत. एसएमपीएस चांगल्या कंपनीचा असावा, अर्थिंग पक्के असावे.

मग गुणक एकाने वाढवावा. सिनेबेंच चालवून पाहावे आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघावे. ठीक असेल तर पुढची पायरी. संगणक अडखळला, निळा पडदा आला किंवा आपोआप बंद झाला की एक पायरी मागे यावे. शेवटी प्राइम९५ किंवा ओसीसीटीची काही तासांची कसोटी घ्यावी, आणि तीही दुपारच्या उन्हात! व्होल्टेज वाढवायचेच असेल तर ०.०१ ते ०.०२ च्या पायरीने. संगणक सुरूच झाला नाही तर सीमॉस क्लिअर केल्यावर मूळ आकडे परत येतात.

ग्राफिक्स कार्ड

एमएसआय आफ्टरबर्नरने कोअरचा वेग १५ ते २५ मेगाहर्ट्झच्या पायरीने वाढवावा, नंतर मेमरीचा ५० च्या पायरीने. दोन्ही एकदम वाढवू नयेत, दोष कोणाचा ते कळत नाही. व्होल्टेजला हात लावू नये. पडद्यावर ठिपके, चौकटी दिसल्या किंवा खेळ बंद पडला तर मागे फिरावे. काही मेमरी चूक स्वतः दुरुस्त करते, त्यामुळे ठिपके न दिसता उलट वेग घटतो. म्हणून प्रत्येक पायरीनंतर कसोटीचे गुण लिहावेत.

आपल्या उन्हाळ्यात याहून शहाणा मार्ग म्हणजे अंडरव्होल्टिंग. वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडे कमी करायचे. कार्ड थंड राहते, पंख्याचा आवाज कमी होतो आणि वेग उन्हातही टिकतो. याचीही कसोटी मात्र तशीच घ्यावी.

व्यवहार चोख हवा

१९९०च्या दशकात काही व्यापारी प्रोसेसरवरील छाप खरवडून जास्त वेगाचा आकडा छापत व तोच माल चढ्या भावाने विकत. हे मापात पाप होते. वेग वाढविलेला संगणक न सांगता विकणे हाही त्याचाच प्रकार आहे. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान इंटेल व एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, हे ग्राहकाला आधी सांगावे. मूळ आकडे, बदललेले आकडे व तापमान बिलावर लिहून द्यावे आणि त्याची सही घ्यावी. जुने कार्ड खरेदी करतानाही सावध असावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली.

चार-पाच टक्के वेगासाठी ग्राहकाचे हजारो रुपये व दुकानाचे नाव पणाला लागते. म्हणून ज्याचे काम साध्या वेगात भागते, त्याला तसे स्पष्ट सांगावे. त्या दिवशी मजुरी बुडेल, पण तो गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच दुकानात येईल.