घर-नोकरी सांभाळून कथांचा अंक काढायचा, तर...

परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर घाटनांदूर हे स्टेशन लागते. गाव अंबाजोगाई तालुक्यातले. या तालुक्याला लिहिण्याची परंपरा फार जुनी आहे. आद्यकवी म्हणून ज्यांचे नाव घेतात त्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे. दासोपंतांनी लांबलचक कापडी पासोडीवर ओव्या लिहिल्या त्याही तिथेच. पण याच तालुक्यात वेशीबाहेरच्या वस्तीत आजीने नातवंडांना जे सांगितले, ऊसतोडीच्या कोपीत रात्री चुलीपुढे जे बोलले गेले, ते कुणी लिहून ठेवले?

पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, म्हणजे १९४८ साली, आपल्या वस्तीने काय पाहिले? १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईच्या पदरात काय पडले? १९७८ साली नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव घरे जळाली, त्या रात्री लेकरांना घेऊन माणसे कुठे लपली? सनावळ्या इतिहासाच्या पुस्तकात मिळतात. त्या रात्री आईने लेकराच्या तोंडावर हात कसा दाबून धरला होता, हे मात्र कथेतच सापडते. ज्यांनी हे पाहिले ती माणसे आता थकली. त्यातली कितीतरी निघूनही गेली.

वाचक बंधू-भगिनींनो, म्हणून आज थोडा वेगळा विषय घेतला आहे. आपल्यापैकी कुणी पोस्टात आहे, कुणी शाळेत शिपाई आहे, कुणी अंगणवाडीत, कुणी एस.टी.त. अशा माणसाने नोकरी आणि संसार सांभाळून कथांचा एक छोटा अंक काढायचा म्हटले, तर ते जमेल का?

आधीच्यांनी कसे जमवले?

आपल्याकडे नियतकालिके काढणाऱ्यांत मोकळा वेळ असलेली माणसे फारशी नव्हतीच. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' काढले, ते पोटापाण्याची नोकरी सांभाळूनच. नागपूरला किसन फागूजी बनसोडे यांनी गिरणी कामगारांच्या वस्तीत राहून एकामागून एक पत्रे काढली. एक बंद पडले की दुसरे सुरू केले.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत केली होती. त्याच वर्षी बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले, आणि १९२३पर्यंत 'मूकनायक' बंद पडले. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. तेव्हा महाडचा लढा, वकिली, कायदेमंडळ असे सगळेच एकदम चालू होते. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरण्याची पाळी त्यांच्यावर येत असे. हे पत्रही १९२९ साली थांबले. एवढ्या मोठ्या माणसाचे पत्र थांबले ते लेखणी कमी पडली म्हणून नव्हे. पैसा आणि हात कमी पडले. आपण ही गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे.

आपल्या मराठवाड्यातले उदाहरण प्रा. गंगाधर पानतावणे सरांचे. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्याच्या खेड्यांतली आपली मुले तिथे वसतिगृहात राहून शिकली. त्याच परिसरात १९६७-६८च्या सुमारास आधी 'अस्मिता' आणि मग 'अस्मितादर्श' या नावाने त्रैमासिक उभे राहिले. पानतावणे सर तिथे मराठी शिकवत, पुढे विद्यापीठात गेले. शिकवणे, पेपर तपासणे, भाषणे, स्वतःचे लेखन हे सगळे करून त्यांनी अंक काढले. बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर ग्रंथही लिहिला. २००९ साली अमेरिकेत सॅन होजे येथे पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे ते अध्यक्ष होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ मार्चला ते गेले.

अर्धशतकाच्या या कामात त्यांनी केवळ लेख छापले नाहीत, लिहिणारी माणसे गोळा केली. 'अस्मितादर्श'चे मेळावे गावोगाव भरत. खेड्यातला शिक्षक किंवा कारकून तिथे आपली पहिली कथा, पहिली कविता घेऊन येई. आपले लिहिणे कुणीतरी वाचते, त्यावर बोलते, याचाच त्याला केवढा आधार वाटे! छोट्या अंकाचे खरे काम हेच आहे.

वेळेचा हिशेब

'वेळ मिळाला की करू' असे म्हटले की काम राहिलेच म्हणून समजा. वेळ ठरवून बाजूला काढावा लागतो. आपण साधा हिशेब मांडू.

वर्षाला चार अंक, म्हणजे एका अंकाला १३ आठवडे. आठवड्यातून तीन रात्री एकेक तास दिला तर ३९ तास होतात. ६४ पानांचा अंक धरा. सोळा पानांचा एक फॉर्म, असे चार फॉर्म. एका पानावर साधारण ३०० शब्द बसतात. अडीच हजार शब्दांची कथा आठ-नऊ पाने घेते. म्हणजे पाच कथा झाल्या की ४०-४५ पाने भरली. उरलेल्या पानांत कविता, पुस्तकाची ओळख आणि वाचकांची पत्रे.

या पाच कथांसाठी २५ कथा वाचाव्या लागतील. एकीला अर्धा तास धरला तर साडेबारा तास. प्रत्येकाला उत्तर लिहायला दहा मिनिटे, म्हणजे चार तासांवर थोडे. प्रुफे दोनदा वाचायची. पानाला पाच मिनिटे धरली तरी दोन्ही वेळचे मिळून साडेदहा तास. २०० प्रती पाकिटात घालणे, पत्ते चिकटवणे यांना प्रतीमागे दोन मिनिटे, म्हणजे साडेसहा तास. बेरीज सुमारे ३४ तासांची होते. हिशेबाला आणि छापखान्याच्या फेऱ्यांना पाच तास उरतात. म्हणजे काम होण्यासारखे आहे. पण फार ताणून नाही. १०० पाने आणि ५०० प्रती म्हटल्या की हा हिशेब मोडतो.

पूर्वी जुळारी एकेक खिळा जुळवून मजकूर लावी. आता संगणकावर पान लागते आणि लेखक कथा मोबाईलवरच टाइप करून पाठवतो. काम हलके झाले, पण प्रुफे तपासणे काही सुटले नाही. पान लावणाऱ्याकडे एका टंकातला मजकूर दुसऱ्या टंकात नेताना जोडाक्षरे तुटतात. 'बुद्ध' हा शब्दच चुकीचा छापला गेला तर कुणाला तोंड दाखवायचे? म्हणून शेवटचे प्रूफ लेखकाने नव्हे, दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने वाचावे आणि आपण मूळ मजकुरावर बोट ठेवून ऐकावे.

अंक कधी काढायचा?

मराठीत दिवाळी अंकाची रीत १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने पाडली. तेव्हापासून बहुतेकांचा मोठा अंक दिवाळीला निघतो. पण आपल्या बीड जिल्ह्याचे पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावातले कोयते साखर कारखान्यांकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. घराला कुलूप, नाहीतर म्हातारी आणि लहान लेकरे मागे. ती माणसे परततात थेट मार्च-एप्रिलात. ज्यांच्या कथा छापायच्या तेच गावात नसताना अंक काढून तो वाचणार कोण? इथल्या अंकाचा मुख्य दिवस १४ एप्रिल किंवा बुद्ध पौर्णिमा असावा. जयंतीला सारी वस्ती एकत्र असते. अंक हातोहात जाईल आणि टपालाचा खर्चही वाचेल.

पैसा कुठून आणायचा?

इथे घरातल्या बाईचे ऐकावे. नवरा म्हणतो, "या महिन्यात छापखान्याला थोडे द्यावे लागतील." ती म्हणते, "अहो, आधी पोरीची फी भरा. मग तुमचा अंक." तिचे चुकत नाही. पोरीची फी अडवून काढलेल्या अंकात स्त्रीशिक्षणावर कथा छापण्यात काय अर्थ?

म्हणून नियम असा ठेवावा की संसाराच्या पैशाला हात लावायचा नाही. अंकाचे वेगळे खाते, वेगळी वही. छापखान्याकडून २०० प्रतींचा खर्च लिहून घ्यावा, त्यात टपाल मिळवावे, वर्गणीदारांच्या संख्येने भागावे. येईल ती किंमत. वर्गणी एका वर्षाचीच घ्यावी. 'आजीव सभासद' करून एकदम मोठी रक्कम घेण्याचा मोह होतो. ती रक्कम दोन अंकांत संपते आणि अंक मात्र त्या माणसाला जन्मभर पाठवावा लागतो. कितीतरी चांगले उपक्रम या कर्जाखाली बसले आहेत.

नियमित अंकासाठी नोंदणीचेही पाहावे लागते. १८६७चा जुना कायदा जाऊन २०२३चा नवा कायदा १ मार्च २०२४पासून लागू झाला. आता अर्ज संगणकावरून करता येतो. पण वर्षाला चार अंकांचा शब्द पाळता येणार नसेल तर तो देऊच नये. साठच्या दशकात मराठीतल्या नव्या लेखकांनी आपल्या अंकांना सरळ 'अनियतकालिक' म्हटले. जमेल तेव्हा काढू, असे आधीच सांगून टाकले. त्यात कमीपणा नाही. वर्षाला एकच अंक, पण न चुकता निघाला तर वाचक त्याची वाट पाहतो.

नकार कसा द्यावा?

सगळ्यांत जड काम हे. २५ कथांपैकी २० परत करायच्या असतात, आणि पाठवणारे आपलेच. कुणी मेहुणा, कुणी विहारातला सोबती. कुणी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलेले. नुसते 'साभार परत' लिहून त्या माणसाची लेखणी मोडू नये. दोन ओळी तरी लिहाव्यात: अमुक प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिला, शेवटचे भाषण काढून पाहा, आई जशी बोलते तसेच तिला बोलू द्या. आपल्याकडच्या कथेत भाषण पुष्कळ येते. अन्याय सांगायची घाई असते, ते स्वाभाविक आहे. पण बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ सालच्या संग्रहाने एवढी खळबळ माजवली ती त्यातल्या जिवंत माणसांमुळे. बागुल रेल्वेत कामाला होते. ऊर्मिला पवार यांनी सरकारी नोकरी, संसार, मुले सांभाळून 'सहावं बोट', 'चौथी भिंत' हे कथासंग्रह दिले. कामकरी माणसाला कथा लिहिता येते, हे आता कुणी सिद्ध करायला नको.

आणि लिहिता येत नाही अशांचे काय? आजी सांगेल, नातीने लिहून घ्यावे. मोबाईलवर आवाज भरून ठेवावा. छापताना आधी आजीचे नाव, मग 'शब्दांकन' म्हणून नातीचे.

दुसरा हात

शेवटी पुन्हा 'मूकनायक'ची गोष्ट आठवावी. एका माणसावर उभा असलेला अंक तो माणूस परगावी गेला, आजारी पडला, त्याची बदली झाली की थांबतो. म्हणून पहिल्या अंकापासून दोघांची नावे असावीत, आणि त्यातले एक बाईचे असावे. वर्गणीदारांची यादी दोघांकडे, वही दोघांना समजणारी. एकाच्या घरी लग्न निघाले तर दुसऱ्याने प्रुफे पाहावीत. पाकिटे चिकटवायला मुलांना बसवावे. पत्ते लिहिता लिहिता त्यांना महाराष्ट्राचा नकाशा पाठ होतो.

घाटनांदूरच्या स्टेशनावर आजही बोचकी घेऊन माणसे गाडीची वाट पाहत बसतात. त्यांच्या बोलण्यात एका अंकाला पुरतील एवढ्या कथा असतात. या बुद्ध पौर्णिमेला घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी वही घेऊन बसा आणि एक आठवण तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. अशा पाच वह्या जमल्या की तुमचा पहिला अंक तयार झाला.