मिशनपेटी आणि मुले

ऑक्टोबरातला शेवटून दुसरा रविवार उजाडला, की भाईंदरपासून डोंगरी-उत्तनपर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांत चर्चच्या आवारांना जत्रेची कळा येते. १९२६ साली रोमने ठरवून दिलेला हा मिशन रविवार. जगभरच्या कॅथलिक धर्मग्रामांतून त्या दिवशी जमणारी वर्गणी दूरदेशीच्या गरीब धर्मप्रांतांकडे रवाना होते, आणि मुंबई धर्मप्रांतात मोडणाऱ्या या पट्ट्यात ती जमवण्याची वहिवाट अशी, की मिस्सा आटोपताच खाण्याचे गाळे लागतात, हाऊझीची तिकिटे खपतात आणि आयांनी पहाटे उठून तळलेल्या फुगियांच्या परातीमागे दहा-बारा वर्षांची मुले मोठ्या ऐटीत गल्ल्यावर बसतात. सुट्ट्या पैशांचा हिशेब ही मंडळी मोठ्यांपेक्षा चोख ठेवतात. हा पैसा कोणत्या मुलखात जाणार, असे विचारले तर मात्र “आफ्रिकेत” एवढे मोघम उत्तर मिळते.

ख्रिस्ती धर्मकार्यात मुलांचा हात असणे या किनाऱ्याला नवे नाही. १५४२च्या मे महिन्यात गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुले गोळा करी. पुढे दक्षिणेच्या परवर कोळ्यांमध्ये काम करताना, प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी जाणे अशक्य झाले, तेव्हा पाठ झालेल्या प्रार्थना म्हणण्यासाठी त्याने मुलांनाच घरोघर धाडले. त्याहून जवळचे उदाहरण भाईंदरच्या खाडीपलीकडचे आहे. १५५७च्या सुमारास वसईत पोर्तुगीज बाप आणि स्थानिक आई यांच्या पोटी जन्मलेला गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्या देखरेखीखाली वाढला, आणि मिसरूड फुटण्याच्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने अशी आत्मसात केली, की मधल्या काळात व्यापार करून, मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर, १५९३ साली जपानला निघालेल्या वकिलातीत दुभाषा म्हणून त्याचीच योजना झाली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांना क्रूसावर चढवले, त्यांत तो होता. १८६२ साली त्याला संतपद मिळाले.

त्या सव्वीसांत लुई इबाराकी, अँथनी आणि थॉमस कोझाकी हे बारा ते चौदा वर्षांचे तीन मुलगेही होते. धर्मशिक्षणाच्या वर्गांत त्यांची कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. त्यांच्या धैर्यापुढे मस्तक नमवूनही, बारा वर्षांच्या मुलाचे मरण दुसऱ्या बारा वर्षांच्या मुलापुढे कित्ता म्हणून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. गोन्सालोच्या चरित्रातला मुलांनी घेण्याजोगा भाग वधस्तंभाच्या कितीतरी आधी, परक्या बंदरावर परकी भाषा कान देऊन ऐकणाऱ्या वसईच्या पोराशी येऊन थांबतो.

निरोप्या मुलाचा देणगीदार झाला तो एकोणिसाव्या शतकात. नान्सीचा बिशप शार्ल द फोर्बें-जान्सों याने १८४३ साली फ्रान्समध्ये ‘पवित्र बाल्य’ संस्था काढली. चीनमधील टाकून दिलेल्या अर्भकांसाठी युरोपातल्या मुलांनी रोज एक छोटी प्रार्थना म्हणावी आणि दरमहा एक नाणे द्यावे, इतकाच तिचा दंडक. या संस्थेला १९२२ साली परमधर्मपीठाची सनद मिळाली. प्रॉटेस्टंटही मागे नव्हते. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत पोचले, त्याच बोर्डाने १८५६ साली दहा-दहा सेंटांचे भाग रविवारच्या शाळांतील मुलांना विकून पॅसिफिक बेटांसाठी ‘मॉर्निंग स्टार’ नावाचे गलबत बांधले. ही मसलत मला मनापासून आवडते, कारण आपल्या पैशाचे शीड झाले की डोलकाठी, हा वाद घालण्याची सोय त्यात मुलांना होती.

परंतु याच पद्धतीचे एक अप्रिय अंगही आहे. विसाव्या शतकातील अमेरिकन कॅथलिक शाळांत पाच डॉलर जमले, की एखादे ‘मूर्तिपूजक मूल’ सोडवल्याचे प्रशस्तिपत्र मिळे आणि त्या न पाहिलेल्या बालकाचे नाव ठेवण्याचा मान वर्गाला लाभे. देणाऱ्याला औदार्याचे समाधान आणि घेणाऱ्याला नावसुद्धा परक्याने दिलेले, असा तो सौदा. आशियातली मुले त्या खतावणीत नावे बाजूला मांडलेली. आज उत्तनची मुले जमा बाजूला आली आहेत, आणि जुन्या देणगीदारांची नजरही त्यांच्याकडे वारशाने यावी, याची काही गरज नाही.

शिवाय मीरा-भाईंदरचे मूल एकट्या ख्रिस्ती गावात वाढत नाही. त्याच्या बाकावर राई-मुर्ध्याचा आगरी, भाईंदरचा जैन, मीरा रोडचा मुसलमान मित्र बसतो, आणि सरकारमान्य वा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणात सामील करता येणार नाही, हे संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने स्पष्ट केलेले आहे. तेव्हा मिशनचे काम रविवारच्या वर्गात, आईबापांच्या माहितीने चालावे, आणि या मित्राला त्या कामाचे लक्ष्य मानू नये, हे तिथेच मुलांना सांगून टाकावे.

उरतो तो पैशाचा पत्ता. वर्गाने वर्षभरासाठी एकच दूरचा धर्मग्राम निवडावा, शक्यतो समुद्रकाठचा. पेटीबरोबर पत्रही जावे. उत्तनच्या पोरीने वलांडीवर बोंबील कसे टांगतात, पाऊस अवेळी आला तर माल कसा नासतो, हे लिहावे, आणि तिकडच्या मुलांनी आपली मासळी, आपली होडी, ‘वारा पडला’ याला त्यांच्यात काय म्हणतात, ते कळवावे. उत्तर परक्या भाषेत येईल. ते लावण्यासाठी वर्गातून एक दुभाषा नेमावा लागेल, आणि त्या जागेसाठी उमेदवारांची वाण पडेल असे मला वाटत नाही.